होडीच्या ट्रेलरचं डावं चाक तापतंय, हब घरीच खोलावं का?

हतनूरकाठ, मुक्ताईनगर तालुका

राम राम मंडळी. आमच्या गटाची सोळा फुटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. हतनूर धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकायला आणि चांगदेवकडे तापी-पूर्णेच्या संगमावर जायला तीच वापरतो. पूर आला की आजूबाजूची गावंही होडीसाठी आमच्याकडेच बघतात. रात्री काठावर सोडायची तर इंजिनाची राखण करावी लागते, म्हणून होडी गावात आणतो. त्यासाठी एका ॲक्सलचा ट्रेलर करून घेतलाय. चौकोनी पाइपची चौकट, बारा इंची चाकं, कमानपाटे, पुढे हाताने फिरवायची विंच. ओढायला पिकअप.

दुखणं डाव्या चाकाचं आहे. गावातून काठापर्यंत आलो की उजव्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगवाल्या भागावर, हात ठेवता येतो, डाव्यावर ठेवला की लगेच काढावा लागतो. चाक फिरताना घरघर ऐकू येते. आतल्या बाजूने टायरवर ग्रीस उडालंय आणि ते काळं नाही, दुधाळ पांढरट आहे. गॅरेजमध्ये दाखवलं तर हब न खोलताच ‘अख्खं ॲक्सल बदला’ म्हणाले. तेवढा खर्च आत्ता गटाला झेपणारा नाही.

अजून तीन गोष्टी आहेत. चौकटीच्या खालच्या पाइपला रंगाखालून गंजाचे फोड आलेत. मागचे दिवे मंद जळतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर पेटतो. टायरची नक्षी चांगली आहे पण बाजूला बारीक चिरा आहेत.

माझ्याकडे पाने, जॅक, हातोडी, ग्रीसगन आहे. बोअरची मोटार आणि ठिबकचा पंप मी घरीच खोलतो, त्यामुळे हात घालायची भीती नाही. पण चाकाचं काम कधी केलं नाही, आणि मागे होडी असताना चाक निघालं तर रस्त्यावरच्या माणसाचा जीव जाईल, म्हणून विचारून करतोय. मृग लागायच्या आत सगळं उरकायचंय. एकदा हतनूरचे दरवाजे उघडायला लागले की ट्रेलर उभा ठेवून चालणार नाही.


निवृत्त फिटर, भुसावळ

भाऊ, हब खोलून बघितल्याशिवाय ॲक्सल बदलू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पाणी आत गेलंय. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी मिसळलेलं ग्रीस, दुसरं काही नाही.

मी रेल्वेत कॅरेज-वॅगनला फिटर होतो. मालगाडी यार्डात शिरताना आम्ही रुळाच्या दोन्ही अंगाला बसायचो, चाकांवर नजर आणि आवाजाकडे कान. गाडी थांबली की ॲक्सलबॉक्स, म्हणजे ॲक्सलच्या टोकाची बेअरिंगची पेटी, तपासत पुढे जायचं. नंतर तापमान मोजायची बंदूक हातात आली, पण हाताची सवय गेली नाही. एखादा जास्त तापलेला निघाला की तो ‘हॉट ॲक्सल’, आणि तो डबा गाडीतून काढायचा. कारण तापलेलं बेअरिंग पुढे जाम होतं, आणि जाम झालेलं बेअरिंग ॲक्सलचं टोक तोडतं. तुमचं चाक बारा इंची असलं तरी प्रकार हाच आहे. तेव्हा हब खोलेपर्यंत ट्रेलर रस्त्यावर काढू नका. ही विनंती समजा.

पाणी आत कसं गेलं ते आधी समजून घ्या, नाहीतर नवीन बेअरिंगही तसंच जाईल. रस्त्यावरून आल्यावर हब गरम असतं, आतली हवा फुगलेली असते. तसंच ते धरणाच्या गार पाण्यात बुडवलं की आतली हवा एकदम आकसते आणि पाणी ओढून घेते. मागचं ऑइल सील मुळात आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून असतं, बाहेरून ओढलं जाणारं पाणी त्याच्याने पुरतं अडत नाही. त्यात हतनूरला गाळ किती आहे तुम्हाला माहीतच आहे. तो बारीक गाळ सीलच्या ओठाखाली, म्हणजे ॲक्सलला घासणाऱ्या रबरी कडेखाली, गेला की ओठही झिजतो आणि ॲक्सलही. म्हणून काठावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात लोटायचा नाही. आधी इंजिन बघा, जाळी चढवा, चहा घ्या, आणि हबला हात लावून ते निवलं की मग पाण्यात. जिथे उतार लांब आणि सपाट आहे तिथे हब बुडवायचीही गरज नसते, टायर अर्धवट पाण्यात जाऊन होडी विंचने सरकते. तशी जागा शोधा, थोडं लांब पडलं तरी.

आता काम. होडी ट्रेलरवरून उतरवा. ते जमत नसेल तर निदान इंजिन आणि जाळी काढा. ट्रेलर पिकअपलाच जोडलेला ठेवा, पिकअपचा हँडब्रेक ओढा, उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, वर उचलल्यावर चाक फिरत राहतं आणि जोर लागत नाही. जॅक कमानपाट्याजवळ ॲक्सलखाली घ्या, उचला, आणि खाली घोडी लावूनच हात आत घाला. घोडी नसेल तर जाड लाकडी ठोकळे रचा. विटा नकोत, वीट भाराखाली न सांगता फुटते.

चाक काढायच्या आधी वर आणि खाली धरून हलवून बघा. खटखट लागली तर बेअरिंग ढिलं किंवा झिजलेलं. मग हळू फिरवा आणि दुसरा हात कमानपाट्यावर ठेवा. घरघर असेल तर ती पाट्यातून हाताला कळते, कानापेक्षा आधी कळते. उजव्या चाकालाही हेच करा, म्हणजे फरक समजेल.

चाक निघालं की हबच्या तोंडावरची टोपी दिसेल. स्क्रूड्रायव्हर कडेला लावून गोल फिरत हलके ठोके द्या, एकाच जागी जोर लावला तर टोपी वाकते आणि पुढे तिथूनच पाणी जातं. आत स्प्लिट पिन, खाचांचं नट, वायसर. पिन सरळ करून ओढा आणि टाकून द्या, ती पुन्हा वापरायची नाही. नट काढला की हब दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा, अंगठे बाहेरच्या बेअरिंगवर ठेवून, नाहीतर ते मातीत पडतं. आतलं बेअरिंग सीलच्या मागे असतं. सील उचकटून काढा. ते काढताना खराब होणारच, म्हणून नवीन आधीच आणून ठेवा.

सगळं रॉकेलमध्ये धुवा, मिळत नसेल तर डिझेलमध्ये. जुन्या ग्रीसचा कणही राहता कामा नये, कारण वेगवेगळ्या जातीची ग्रीस एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहून जातात. धुतल्यावर फडक्याने पुसून वाळू द्या. कंप्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवू नका, मुलं हौसेने करतात. कोरडं बेअरिंग त्या वेगात खराब होतं, आणि एखादा रोलर निसटला तर डोळा जातो.

मग उन्हात धरा आणि एकेक रोलर फिरवून बघा. रोलर स्टीलसारखे चकचकीत हवेत. निळसर झाक म्हणजे ते तापून गेलेलं आहे. काळे ठिपके दिसले तर नख फिरवा. नख अडकलं तर बेअरिंग संपलं, आत्ता आवाज येत नसला तरी. हबच्या आत बसवलेली वाटी असते, तिच्यावरही तसंच नख फिरवा. बेअरिंग बदलायचं तर वाटीसकट बदलायचं. जुन्या वाटीत नवीन रोलर घातले की जुने खड्डे नव्या रोलरला खातात.

नंबर बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. तुमच्यासारख्या ट्रेलरला बऱ्याचदा 30206 किंवा त्याच्या आसपासचं टेपर बेअरिंग असतं. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक मिलिमीटरमध्ये निघतं, 06 म्हणजे 30. आतलं आणि बाहेरचं बेअरिंग वेगळ्या मापाचं असू शकतं. दुकानात जाताना दोन्ही जुने नग आणि सील सोबत न्या, नुसता नंबर फोनवर सांगू नका. डबा उघडून नंबर वाचून घ्या, आणि भाव फार कमी सांगितला तर घेऊ नका. नकली बेअरिंग बाजारात भरपूर आहे.

वाटी काढायला पितळी दांडा घ्या. हबच्या मागून वाटीच्या कडेवर लावा, एक ठोका इकडे, एक समोर, म्हणजे ती तिरकी न होता उतरते. नवीन वाटी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि हब दुपारी उन्हात. आपल्या मे महिन्यात लोखंडाला हात लावता येत नाही, त्याचा इथे उपयोग होतो. थंड वाटी आकसलेली आणि तापलेलं हब फुगलेलं, निम्मं काम तिथेच होतं. जुनी वाटी उलटी वर ठेवून ठोका. ठोक्याचा आवाज आधी बोदा येतो, वाटी तळाला टेकली की एकदम खणखणीत होतो. तो आवाज आला की थांबा.

आता ग्रीस भरणं, आणि इथे घाई करणाऱ्याचं बेअरिंग टिकत नाही. डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घ्या. उजव्या हाताने बेअरिंगची रुंद बाजू त्या ग्रीसवर दाबत, खरवडत ओढा. ग्रीस खालून शिरून रोलरच्या मधून वर फुटलं पाहिजे, बारीक शेवया निघतात तसं. थोडं फिरवा, पुन्हा दाबा, असा पूर्ण गोल होईपर्यंत. बाहेरून लेप दिलेलं बेअरिंग दिसायला भरलेलं असतं, आत कोरडं असतं. हबच्या पोकळीतही ग्रीस भरा. रोज लांब पळणाऱ्या गाडीत पोकळी गच्च भरली की हब तापतं, पण तुमची चाल कमी आणि पाणी जास्त, तेव्हा आत हवेला जागा जितकी कमी तितकी बरी. ग्रीस साधं चॅसिसचं नको. पाण्यात टिकणारं, कॅल्शियम सल्फोनेटचं किंवा लिथियम कॉम्प्लेक्सचं, दोन नंबरचं मागा.

सील शक्यतो दुहेरी ओठाचं घ्या. स्प्रिंग असलेला ओठ आत, ग्रीसच्या बाजूला. सपाट लाकडी फळीने सारखं बसवा. बसवायच्या आधी ॲक्सलवर जिथे सीलचा ओठ घासतो त्या जागेवर बोट फिरवा. तिथे खाच लागली तर मला कळवा, त्याचं वेगळं करावं लागेल.

नट आवळताना हब हाताने फिरवत राहा. पान्याने आवळत न्या, हब जड फिरायला लागेपर्यंत. त्याने रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट पूर्ण ढिला करा आणि नुसत्या बोटांनी आवळा, पाना लावू नका. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे सोडून जुळवा, पुढे आवळून नाही. चाक वर-खाली हलवलं की जाणवेल-न जाणवेल इतकी हालचाल राहिली तर ती बरोबर आहे. अगदी घट्ट केलेलं टेपर बेअरिंग पहिल्याच फेरीत तापतं. नवीन पिन, टोके दुमडून, टोपी. दोन्ही चाकांचं काम एकदमच करा. उजवंही त्याच पाण्यात जातंय.


ट्रॉलीवाला, शहादा

फिटरकाकांनी हबचं सांगितलं, त्यात मला काही जोडायचं नाही. आमच्याकडे अहिराणीत एकच सांगणं असतं, चाक उचलीसन फिराई दखा, मंग बाकीनं. मी चौकटीचं सांगतो. प्रकाशा, सारंगखेडा बॅरेजच्या काठावरून येणारे दोन-तीन ट्रेलर माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि बाकी आयुष्य उसाच्या आणि केळीच्या ट्रॉल्यांमध्ये गेलंय.

रंगाला फोड आलेत म्हणजे बाहेरचा गंज. त्याला घाबरू नका, आतला बघा. चौकोनी पाइपच्या बोल्टच्या भोकातून पाणी आत जातं, दोन्ही टोकं बंद असतात, ते पाणी तिथेच राहतं. लहान हातोडीने पाइप ठोकत जा. चांगला पाइप वाजतो, सडलेला भद्द आवाज देतो, फार गेलेला असेल तर हातोडी आत जाते. वाकणाजवळ आणि कमानपाट्याच्या बैठकीजवळ नीट ठोका, भार तिथे येतो. ट्रेलर उतारावर उभा केला की सगळ्यात खाली जो कोपरा येतो तिथे खालून एक भोक पाडा, म्हणजे पाणी निथळेल.

वेल्डिंग करायचं झालं तर एक गोष्ट विसरू नका. वेल्डिंग मशीनचा अर्थ-क्लॅम्प (करंट परत नेणारा चिमटा) जिथे जोड मारायचाय त्याच्या अगदी जवळ, त्याच पाइपला लावा. चाकाच्या ड्रमला किंवा पलीकडच्या टोकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, रोलरवर ठिणगीचे डाग पडतात, आणि मग नवीन बेअरिंग का घरघरतंय ते कोणालाच कळत नाही. दिव्यांचा प्लग पिकअपपासून काढून ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप असेल तर मुलामा घासून काढल्याशिवाय वेल्डिंग नको. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

कमानपाट्याचे यू-बोल्ट आवळून बघा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा आवळा, ते थोडे बसतातच. पाट्यांना चीर असते ती बहुतेक मधल्या बोल्टजवळ. तारेच्या ब्रशने घासलं की दिसते. शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चौकटीला जोडणाऱ्या कडीचा, बुश झिजला असेल तर ॲक्सल तिरकं चालतं आणि टायर एकाच बाजूने खाल्ला जातो. तुमच्या टायरची नक्षी दोन्ही कडांना सारखी आहे का बघा, त्यावरून कळेल.

गंज काढल्यावर आम्ही पाइपच्या आत जळकं ऑइल ओततो. स्वस्त आहे आणि ट्रॉलीला वर्षानुवर्षं चालतंय.


निवृत्त फिटर, भुसावळ

शहाद्याच्या भाऊंनी अर्थ क्लॅम्पचं सांगितलं ते फार मोलाचं, ते माझ्याकडून सुटलं होतं.

जळक्या ऑइलबद्दल मात्र माझं ठाम मत वेगळं आहे. उसाची ट्रॉली रस्त्यावर असते, हा ट्रेलर पाण्यात बुडतो. पाइपला खाली भोक पाडलं की ते ऑइल पहिल्याच बुडीत फुगवट्यात जाणार. हतनूरमधून सोडलेलं पाणी खाली भुसावळ पितं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूंचा कीस असतो, आणि काठाशी उथळ पाण्यात माशाची पिल्लं असतात, जिथे ट्रेलर उतरतो नेमकं तिथेच. त्याच पाण्यावर यांच्या गटाचं पोट आहे. तेव्हा ते नकोच. पाणी निथळू द्या, आत वारा खेळू द्या, तेवढ्याने बरंच होतं. बाहेरून तारेचा ब्रश, सॅंडपेपर, डिझेलचा हात न लागलेलं कोरडं लोखंड, त्यावर जस्तयुक्त प्रायमर, मग रंग. रेड ऑक्साइड चालतं, पण सतत पाण्यात जाणाऱ्या भागाला जस्तवालं जास्त टिकतं. धुतलेलं रॉकेल-डिझेलही नाल्यात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडचं टाकाऊ ऑइल नेणारे येतात.


वायरिंगवाली, जळगाव

दादा, ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटतो म्हणजे अर्थ गेलाय. दिव्याला परत जायला वाट मिळत नाही म्हणून करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. मंद दिवेही त्यानेच. मी आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवते, आणि मुलांना पहिल्यांदा हेच बघायला लावते, बल्ब नंतर.

बहुतेक ट्रेलरमध्ये अर्थची वायर घातलेलीच नसते, चौकटीच्या लोखंडावर भरवसा ठेवलेला असतो. गंज आला की तो भरवसा संपतो. पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून एक वायर घ्या, तिचं दुसरं टोक प्लगजवळ आणून अर्थच्या पिनला लावा. पेटतं की नाही ते बघायला बारा व्होल्टचा टेस्ट-लँप पुरतो, मीटर नसला तरी चालेल. प्लगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो खरवडा. मग प्लगच्या अर्थ-पिनपासून प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी काळी वायर ओढा, चौकटीला नाही, थेट दिव्याला. जोड मारले असतील तर सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली वायर पाण्यात गेली की तांबं आतून काळं पडत जातं, अगदी वीतभर.

दिवे बदलायचे झाले तर पूर्ण बंद एलईडी घ्या. आणि काहीही बसवलं तरी पाण्यात उतरायच्या आधी प्लग काढायची सवय लावा. तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो.

टायरचं तुम्ही सहज लिहिलंय, पण मला त्याचीच जास्त काळजी वाटते. नक्षी शाबूत आणि बाजूला चिरा, म्हणजे टायर झिजलेला नाही, म्हातारा झालाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात ट्रेलर अंगणात उभा. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. 3218 असेल तर 2018 सालचा बत्तिसावा आठवडा. आकडा आतल्या बाजूला असू शकतो, चाक काढलंच आहे तर बघून घ्या. सहा-सात वर्षांच्या पुढचा आणि चिरा पडलेला असेल तर बदला, स्टेपनीसकट. नवीन घेताना मालवाहू गाडीचा, जास्त प्लायचा घ्या, कारचा नको. आणि उभ्या ट्रेलरच्या टायरवर जुनी गोणपाटं टाका, उन्हाच्या बाजूने तरी.


हतनूरकाठ, मुक्ताईनगर तालुका

सगळ्यांचे मनापासून आभार. डावं हब खोललं. आत ग्रीस नव्हतंच म्हणा, राखाडी चिखल होता. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडलेत, वाटीला नख अडकतं. बाहेरचं बरं दिसतंय पण तेही बदलतोय. सील काढलं तेव्हा लक्षात आलं की स्प्रिंगवाला ओठ बाहेरच्या बाजूला होता, म्हणजे ज्याने बसवलं त्याने उलटं बसवलं. उजव्या बाजूचं सील सरळ आहे आणि तिथलं ग्रीस अजून काळंच आहे.

काका, तुम्ही सांगितलेली खाच लागतेय. ॲक्सलवर सीलच्या जागी गोल रेघ आहे, नख हलकं अडकतं. बेअरिंग बसतात त्या जागा मात्र गुळगुळीत आहेत. ताई, अर्थची वायर खरंच नव्हती. तात्पुरती लावून बघितली, दोन्ही दिवे लख्ख. टायरवर आकडा 2716 निघाला, दोन्हींवर तोच. ते आता सरळ काढूनच टाकतो.

पाइपला हातोडी मारून बघितली. उजव्या बाजूला मागच्या वाकणाशी वीतभर भाग भद्द वाजतो. तेवढा कापून नवीन जोडू की वरून पट्टी मारू?


ट्रॉलीवाला, शहादा

पट्टी नको. पट्टीखाली सडलेलं लोखंड राहतं आणि मधे पाणी साचतं. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, त्याच जाडीचा तुकडा घ्या, आणि जोडाच्या आत बसेल असा लहान मापाचा पाइप दोन्हीकडे चार-चार बोटं जाईल असा घालून मग वेल्डिंग करा. जोड सरळ उभा न कापता तिरका कापला तर भार एकाच रेघेवर येत नाही. कापायच्या आधी चौकटीला खालून दोन्ही बाजूंनी टेकू द्या आणि दोरीने कर्ण मापून ठेवा. वेल्डिंगने चौकट ओढली गेली तर कर्ण मापल्यावरच कळतं. आणि काकांचं ऑइलबद्दलचं म्हणणं पटलं. धरणात जाणाऱ्या ट्रेलरला ते घालणार नाही.


निवृत्त फिटर, भुसावळ

बेअरिंगच्या जागा गुळगुळीत आहेत म्हणजे ॲक्सल वाचलं. सीलच्या खाचेला दोन मार्ग आहेत. खाच हलकी असेल तर बारीक पॉलिश-पेपर ॲक्सलभोवती गोल फिरवत घासा, आडवा-उभा नको. मग नवीन सील पूर्ण तळाला न ठोकता एक-दोन मिलिमीटर अलीकडे बसवा, म्हणजे ओठ खाचेवर न येता शेजारच्या चांगल्या जागेवर येतो. हबमध्ये तेवढी जागा आहे का आणि सील बाहेर डोकावत तर नाही ना ते आधी मापून बघा. जागा नसेल तर लेथवाल्याकडून पातळ स्टेनलेस बाही करून घ्या, ती त्या जागेवर चढवायची आणि बाहीच्या बाहेरच्या मापाचं सील घ्यायचं. भुसावळला, जळगावला एमआयडीसीत लेथवाले आहेत, ॲक्सल सोबत न्यावं लागेल. मी तुमच्या जागी आधी पहिला मार्ग केला असता.

काम झाल्यावर रिकामा ट्रेलर गावातल्या गावात फिरवा आणि दोन्ही हबवर हात ठेवून बघा. मग होडी चढवून काठापर्यंत, तिथे पुन्हा. दोन्ही हब सारखेच कोमट लागले पाहिजेत. एक गरम आणि एक गार असेल तर गरमवाल्याचा नट तपासा. चाकाचे नटही त्या फेरीनंतर परत आवळा.

हंगामात पुराचं पाणी चालू असताना पंधरा-वीस दिवसांनी टोपी काढून ग्रीसचा रंग बघायचा. काळं किंवा मूळ रंगाचं असेल तर टोपी लावा. पांढरट झालं असेल तर थांबायचं नाही, हब खोलायचं. आणि पिकअपमध्ये एक डबा कायम ठेवा: ग्रीस भरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आतलं-बाहेरचं बेअरिंग, एक सील, स्प्लिट पिना, वायसर, खाचांचं नट, टोपी, आणि तो नट उघडेल असा पाना. पुरात रात्री बोलावणं आलं तर दुकान उघडं नसतं.

बाही करावी लागली तर ॲक्सलचं माप इथे लिहा, सीलचा नंबर मी काढून देतो.